शेवटच्या पानापासून

चंद्रशेखरची आणि माझी ओळख इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला झाली, आणि ती त्याच दिवशी संपली असती तर दोघांचंही भलं झालं असतं. आपल्याच गावच्या माणसाशी तू अशी का वागलीस, असं लोक मला अजून विचारतात, म्हणून एकदा नीट सांगते. मला त्या माणसाचा तेव्हा राग आला होता आणि तो आजही उतरलेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणी समजुतीचे चार शब्द घेऊन माझ्याकडे येणार नाही.

साल १९८६. आम्ही जर्सी सिटीत राहत होतो. प्रसन्न, माझा नवरा, रोज ट्रेनने मॅनहॅटनला जायचा आणि एका बँकेचे प्रोग्रॅम लिहायचा. मी मिरजेला एम. डी. केलेली, लहान मुलांची डॉक्टर. पण तीन वर्षं न्यूअर्कच्या एका हॉस्पिटलात लॅबचा ट्रे घेऊन या वॉर्डातून त्या वॉर्डात लोकांचं रक्त काढत फिरत होते. बाहेरून आलेल्या डॉक्टरला इथे पुन्हा मुळापासून रेसिडेन्सी करावी लागते, आणि त्याआधी दिवसभराची एक परीक्षा पास व्हावी लागते. बेलफील्ड नावाची कंपनी ती परीक्षा घ्यायची. मी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास केला, परीक्षा दिली, पास झाले. मार्चमध्ये आमच्याच हॉस्पिटलात मुलांच्या विभागात जागा मिळाली. जुलैपासून ट्रे खाली ठेवायचा आणि डॉक्टर म्हणून त्याच दारातून आत जायचं, असं ठरलं होतं.

एप्रिलमध्ये विभागप्रमुख डॉक्टर फेल्डमननी मला बोलावून घेतलं. माणूस सज्जन, पण वाईट बातमी सांगताना समोरच्याकडे न बघता पेनकडे बघणारा.

"बेलफील्डने तुमचा स्कोर रोखून ठेवलाय," ते म्हणाले. "तुमच्या उत्तरांचा पॅटर्न संभवत नाही म्हणतात."

"म्हणजे मी कॉपी केली?"

"तसं म्हणत नाहीत ते."

"मग कसं म्हणतात?"

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. मे महिन्यात कंपनीत सुनावणी होती. तिथे स्कोर रद्द झाला तर माझी जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती. शिवाय रद्द झालेला स्कोर देशातल्या प्रत्येक हॉस्पिटलला कळवतात, त्यामुळे नंतर कुणी दारात उभं करणार नव्हतं. म्हणजे ट्रे कायमचा माझ्या हातात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात मी कुणाच्या पेपरात डोकावले नव्हते. डोकावायचे ते लोक माझ्या पेपरात डोकावायचे.

घरी आल्यावर प्रसन्नने विचारलं, "नक्की काय केलंस तू त्या पेपरात?"

"नेहमीसारखा सोडवला. मागून."

"मागून म्हणजे?"

प्रसन्न नागपूरचा, त्याला कुठून माहीत असणार. आमच्या कऱ्हाडला माईणकर सर होते. गणित शिकवायचे, आणि गणितापेक्षा जास्त परीक्षा द्यायला शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं की पेपर काढणारा कठीण प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण तिथे पोचेपर्यंत पोरगं दमलेलं असतं. म्हणून ताज्या डोक्याने शेवटचं पान आधी फोडायचं आणि मागे मागे येत पहिल्या पानावर संपवायचं. सोपे प्रश्न काय, दमल्यावरही हातचा मळ. वर्गात कुणी पुढून सुरुवात केली तर सर काही न बोलता पेपर उचलायचे, उलटा करून परत बाकावर ठेवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेली दोन पिढ्यांची पोरं अशीच पेपर सोडवायची, आणि बोर्डात यायची. हात त्याच वळणावर जातो, विचार करावा लागत नाही.

बेलफील्डच्या परीक्षेतही प्रत्येक भागात प्रश्न सोप्याकडून कठीणाकडे लावलेले होते. एका भागात शेवटचे प्रश्न लांबलचक निघाले, अख्ख्या पेशंटची कहाणी असलेले. ते मी सोडवले, अगदी व्यवस्थित. पण पहिल्या दोन पानांना वेळच उरला नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नव्हते, म्हणून घंटा व्हायच्या आत तिथे सगळीकडे एकच गोल काळा करत सुटले. काही लागले असतील, बाकी चुकले. पास व्हायला तेवढं पुरलं.

"एवढंच ना," प्रसन्न म्हणाला. "मग त्यांना जाऊन सांग की. सिंपल आहे यार."

मलाही तसंच वाटलं होतं.

पाडव्याचा कार्यक्रम एडिसनच्या एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. पडद्याच्या रॉडला गुढी, सावर क्रीमचं श्रीखंड, अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये गार झालेल्या पुऱ्या. माझी गोष्ट कशी कोण जाणे सगळ्यांना कळली होती. संध्याकाकू मला हाताला धरून एका टेबलापाशी घेऊन गेल्या. "हा चंद्रशेखर. बेलफील्डमध्येच असतो, फार मोठ्या पोस्टवर. आणि तुमच्या कऱ्हाडचाच आहे हो. बोल त्याच्याशी." एवढं बोलून काकू कोशिंबीर बघायला गेल्या.

चाळिशीचा, कपाळ वर सरकत चाललेलं, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी कऱ्हाडची म्हटल्यावर खूश झाला. कुठली शाळा, कुठली आळी, माईणकर सर होते का. होते म्हटल्यावर तर अहोजाहो सोडून लगेच एकेरीवर आला. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, कारण त्याच्याकडे माणसं नंबराने येतात. मीही पहिल्यांदा काही सांगितलं नाही. तुम्ही नक्की काय काम करता, एवढंच विचारलं.

त्याने कागदाची रिकामी प्लेट पुढे ओढली आणि पेन काढलं. "आयटम रिस्पॉन्स थिअरी. ऐकलंयस? पूर्वी काय करायचे, नुसते मार्क मोजायचे. शंभरातले साठ. पण कुठले साठ? आम्ही प्रत्येक प्रश्नाचा स्वभाव काढतो." त्याने प्लेटवर डावीकडून उजवीकडे चढत जाणारी एक वळणदार रेघ काढली. "ही आडवी पट्टी म्हणजे माणसाची कुवत. उभी पट्टी म्हणजे उत्तर बरोबर यायचा चान्स. सोप्या प्रश्नाची रेघ इथे, लवकर वर चढते. कठीण प्रश्नाची इथे, उशिरा. आता मला सांग, एखाद्याला हे कठीण सगळे येतात आणि हे सोपे येत नाहीत, तर?"

"तर काय?"

"तर इम्प्रॉबेबल. मी त्यावर एक इंडेक्स डेव्हलप केलाय. झीरोच्या आसपास असला तर माणूस नॉर्मल. मायनस तीनच्या खाली गेला की समजायचं, उत्तरं त्याची स्वतःची नाहीत. पेपर पब्लिश होतोय माझा. पुढच्या वर्षी कंपनी सगळ्या परीक्षांना लावणार आहे."

"आणि सापडतात का लोक?"

"सापडतात म्हणजे? मागच्या वर्षी ट्रायल म्हणून लावला, तर पटापट सापडले. बहुतेक बाहेरचेच. कोरियन, फिलिपिनो, आपलेही दोन-तीन." हे सांगताना तो चमच्याने श्रीखंड खात होता. "स्कोर कॅन्सल केले सगळ्यांचे."

"मी मायनस किती आहे?" मी विचारलं.

चमचा प्लेटमध्ये गेला. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, परीक्षेचा महिना सांगितला, मेमधल्या सुनावणीची तारीख सांगितली. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं, मग माझ्याकडे.

"पॅनलवर मी आहे," तो म्हणाला. "आपण हे बोलणं योग्य नाही."

"योग्य नसेल तर ऐका फक्त. मी पेपर मागून सोडवला. पहिल्या पानांना वेळ उरला नाही. बाकी काही नाही."

त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्याला पटलं होतं. एका सेकंदात, एकही प्रश्न न विचारता पटलं होतं, कारण जगात हे ज्यांना समजावून सांगावं लागत नाही अशा थोड्या लोकांपैकी तो एक होता. आणि मग त्याने ते तोंडावरून पुसून टाकलं.

"हे मला काही माहीत नाही," तो म्हणाला.

"माईणकर सरांच्या वर्गात होतात आणि माहीत नाही?"

"आठवत नाही मला."

"सरांनी कधी तुमचा पेपर उलटा करून ठेवला नाही?"

"हे बघ पद्मजा." आवाज खाली आला. "त्या टेबलावर मी एकटा इंडियन असतो. तुझ्या बाजूने एक शब्द बोललो की उद्या म्हणतील, शेकर आपल्या माणसांना सोडून देतो. शेकर म्हणतात ते मला. दहा वर्षं घासलीयत मी तिथे."

"तुम्ही माझी बाजू घ्या असं कुठे म्हणतेय मी? आमच्याकडे अशी पद्धत आहे, एवढं खरं सांगा."

"आणि मग? मग उद्या प्रत्येक जण येऊन म्हणेल, मी मागून सोडवला, मी मधून सोडवला. इंडेक्सचं काय राहिलं? तू ऑगस्टमध्ये परत बस. हुशार आहेस, पास होशील."

"जुलैत माझी जागा जातेय. आणि माझ्या नावावर कॉपी लागतेय."

"कॉपी असं आम्ही कधीच म्हणत नाही," तो म्हणाला, आणि उठून गेला. रेघांची प्लेट तिथेच राहिली. ती मी कचऱ्यात टाकली.

मला रडू येत होतं, आणि त्या माणसाच्या देखत रडायचं नव्हतं, म्हणून मागे शाळेच्या किचनमध्ये गेले. तिथे त्याची बायको रेखा ट्रे धूत होती. बाई मोकळी, पार्ल्याची. आमच्या बोलण्यातलं तिने काहीच ऐकलं नव्हतं. मी फडकं घेऊन ट्रे पुसायला लागले.

"ह्यांनी प्लेटवर रेघा काढल्या ना?" ती हसली. "कुणी सापडलं की काढतात. आणि स्वतःची गंमत सांगितली का? नसणारच सांगितली. बेलफील्डमध्ये जॉइन झाले की प्रत्येकाला एक टेस्ट द्यायला लावतात, अगदी ऑफिसरलासुद्धा. नवीन प्रश्न तपासून बघायला. ह्यांचा इंग्लिशचा पेपर अर्धा राहिला. आठवडाभर तोंड पाडून बसले होते घरात."

माझा पुसणारा हात थांबला. "कुठला अर्धा, वहिनी?"

"पहिला. सोपा होता तोच." रेखाने नळ बंद केला. "अगं, हे सगळं मागूनच करतात. न्यूजपेपरसुद्धा मागून वाचतात. मुलं हसतात त्यांना."

मी ट्रे पुसून एकावर एक रचून ठेवले. तिला काहीच बोलले नाही. गाडीत प्रसन्नला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काहीही झालं तरी वहिनींचं नाव घेऊ नकोस." तेही खरंच होतं. त्या बाईने माझं काही वाईट केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला अजून आशा होती. पॅनलसमोर, शपथेवर नसला तरी चार माणसांत, इतकं उघड खोटं कोण बोलेल असं वाटत होतं.

बेलफील्डचं ऑफिस ट्रेंटनच्या बाहेर, एका बंद पडलेल्या गोदामासमोर होतं. प्रसन्नने सुट्टी घेऊन गाडी आणली होती, पण त्याला आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिघं होते. मधे मिसेस ओल्सन, साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, कंपनीच्या उपाध्यक्षा. त्यांच्या उजवीकडे बाहेरून बोलावलेले एक म्हातारे प्रोफेसर, कानात मशीन घातलेले. डावीकडे चंद्रशेखर, टाय लावून. त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच कुणाला तरी बघतोय असं पाहिलं. नाकाला मिरच्या झोंबाव्या तसं झालं मला.

बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. माझा आकडा वाचून दाखवला, मायनस तीन पॉइंट चार. मला काय म्हणायचंय ते विचारलं. मी सगळं सांगितलं, कऱ्हाड, माईणकर सर, शेवटचं पान, उरलेला वेळ. मिसेस ओल्सन शांतपणे ऐकत होत्या.

"याचा काही पुरावा देता येईल?" त्यांनी विचारलं.

"माझी उत्तरपत्रिका काढा. पहिल्या दोन पानांच्या जागी सगळीकडे एकच गोल काळा केलेला दिसेल, सी. कॉपी करणारा माणूस असं करत नाही."

त्यांनी चंद्रशेखरकडे पाहिलं. तो म्हणाला, "उत्तरपत्रिका स्कॅन झाल्या की नष्ट करतात. कॉम्प्युटरच्या टेपवर फक्त बरोबर की चूक एवढंच राहतं. एक किंवा शून्य."

"कुठलं उत्तर दिलं ते राहत नाही?" प्रोफेसरांनी विचारलं.

"मॉडेलला त्याची गरज नसते."

म्हणजे माझ्याकडे दाखवायला काही उरलं नाही. प्रोफेसरांनी थोडा वेळ विचार केला. मग ते चंद्रशेखरकडे वळले, आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, मी ज्याची वाट बघत होते.

"तुम्हीही भारतातलेच ना? अशी पद्धत आहे का तिकडे?"

"भारत मोठा देश आहे," चंद्रशेखर म्हणाला.

"त्या भागातलं म्हणतोय मी."

"योगायोगाने मी त्याच गावचा आहे," तो म्हणाला. आवाजात कसला कंप नाही, काही नाही. "ते शिक्षकही मला माहीत आहेत. अशी पद्धत मी तरी कधी पाहिली नाही."

मिसेस ओल्सन काहीतरी लिहायला लागल्या. त्या लिहीत होत्या ते माझं आयुष्य होतं, आणि त्या माणसाने ते दोन वाक्यांत निकालात काढलं होतं. नुसतं 'माहीत नाही' म्हणून कानावर हात ठेवले असते तरी मी त्याला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याने सरांना ओळखतो असं सांगून मला खोटं पाडलं. एका गावचा असल्याचा उपयोग त्याने असा केला. त्यानंतर मला त्याची, त्याच्या दहा वर्षांची, कशाचीच पर्वा राहिली नाही.

"मला एक विचारायचंय," मी म्हटलं. "तुमच्या कंपनीत नवीन माणसाला परीक्षेला बसवतात ना?"

मिसेस ओल्सन हसल्या. "बसवतात. मीही बसले होते. फार वाईट झाली होती माझी गणिताची."

"त्याच्या टेप ठेवता?"

"ठेवतो."

"मग यांच्या इंग्रजीच्या पेपरावर यांचाच प्रोग्रॅम चालवा."

चंद्रशेखर खुर्चीत पुढे आला. "याचा इथे काय संबंध? स्टाफचा डेटा कॉन्फिडेन्शियल असतो. शिवाय वेगळी परीक्षा, वेगळे प्रश्न."

"त्या प्रश्नांचे आकडे काढलेले नाहीत?" प्रोफेसरांनी विचारलं.

"काढलेत," मिसेस ओल्सन म्हणाल्या. "त्यासाठीच तर स्टाफला बसवतो."

"मग किती वेळ लागेल?"

"खाली टर्मिनल आहे. कॉफी पिऊन होईल तेवढा."

"माझी हरकत आहे," चंद्रशेखर म्हणाला.

मिसेस ओल्सननी पेन उचललं. "नोंद करते, शेकर. कारण काय लिहू?"

त्यांनी थोडी वाट पाहिली, मग फोन उचलून खाली कुणाला तरी त्याचा कर्मचारी नंबर सांगितला.

कॉफी आली. कुणी प्यायली नाही. प्रोफेसर खिडकीशी जाऊन उभे राहिले. चंद्रशेखरने चष्मा काढून टायने पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडे न बघता मराठीत विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. आत्ता हरकत घेतलीत तेव्हा."

"एवढं वैर कशासाठी?"

"तुमचं चाललं होतं तोपर्यंत त्याला तुम्ही वैर म्हणत नव्हता. सायन्स म्हणत होता."

खालून एक मुलगी हिरव्या पट्ट्यांचा लांब कागद घेऊन आली आणि मिसेस ओल्सनच्या पुढ्यात ठेवून गेली. त्यांनी बोट ठेवून एक ओळ शोधली. ती वाचून त्यांनी कागद प्रोफेसरांकडे सरकवला. त्यांनी वाचला, आणि कानातलं मशीन नीट बसवलं, म्हणजे पुढचं ऐकू यावं.

"मायनस चार पॉइंट एक," मिसेस ओल्सन म्हणाल्या. "शेकर, त्या परीक्षेत तू कॉपी केली होतीस?"

"नाही."

"उत्तरं तुझीच होती?"

"हो."

"सोपे प्रश्न जवळजवळ सगळे चुकले आहेत. कठीण सगळे बरोबर. तुझा रिसर्च पेपर सांगतो की असा आकडा आला तर उत्तरं त्या माणसाची नसतात. मग हे कसं झालं?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. मान वळवून त्याला थोडी सवलत देता आली असती. ती मी दिली नाही.

"मी शेवटच्या पानापासून सुरुवात केली होती," तो म्हणाला. "वेळ संपला."

"शेवटच्या पानापासून का?"

"आमच्याकडे एक शिक्षक होते," चंद्रशेखर म्हणाला.

मिसेस ओल्सननी मघाशी लिहिलेला कागद पॅडवरून फाडला. माझ्याशी हात मिळवला, माफी मागितली, आणि माझ्या देखत डॉक्टर फेल्डमनना फोन लावून सांगितलं की स्कोर कायम आहे, कंपनीची चूक झाली. पलीकडून ते काय म्हणाले ऐकू आलं नाही, पण मिसेस ओल्सन हसल्या, म्हणजे चांगलंच असणार. जागा माझी होती. आई-बापूंना फोन करायचा होता, प्रसन्न खाली गाडीत वाट बघत होता.

लिफ्टपाशी चंद्रशेखर माझ्या मागोमाग आला.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "माझ्या घरात कुणी तुझ्याशी काही बोललं असेल तर..."

"तर काय? वहिनींना एक शब्द बोललात ना, तर पुढच्या कार्यक्रमात माइक घेऊन सगळ्यांना ही गोष्ट सांगेन. माईणकर सरांपासून."

"तुझी जागा तुला मिळाली. आता तरी थांब."

मीही थांबणारच होते. लिफ्टचं बटण दाबलं होतं, दिवा लागला होता. मग एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. मायनस चार पॉइंट एक ऐकल्यावर खोलीत दोघंजण चकित झाले होते. तो झाला नव्हता.

"इंडेक्स लिहून झाल्यावर पहिल्यांदा कुणावर चालवून पाहिलात?" मी विचारलं.

त्याने पुढे होऊन लिफ्टचं बटण दाबलं. दिवा आधीच लागलेला होता, तरी पुन्हा दाबलं.

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं."

"तो सेल्फ डेटा, स्वतःचे आकडे कुणी धरत नाही," तो म्हणाला. "आणि मागच्या वर्षीच्या त्या बाकीच्या लोकांनी अपील केलं नव्हतं. केलं असतं तर बघितलं असतं."

त्यांच्या गावात माईणकर सर नव्हते. एखाद्या कोरियन बाईचे सोपे प्रश्न कशामुळे चुकले, एखाद्या फिलिपिनो डॉक्टरला इंग्रजी शब्द अडला की ताप होता, कुणाला ठाऊक. कुणी विचारलंच नव्हतं. ते सगळे आज कुठल्यातरी वॉर्डात ट्रे घेऊन फिरत असणार, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चालले असणार. यांचा आकडा मायनस चार पॉइंट एक, आणि यांनी त्यांची नावं काढून हॉस्पिटलांना कळवली.

लिफ्ट आली. दार उघडलं. तो आत जाऊन उभा राहिला आणि दार धरून माझ्यासाठी थांबला, सभ्य माणसासारखा.

"येतेस ना?" तो म्हणाला.

मी वळले, पॅसेजमधून मागे गेले आणि मिसेस ओल्सनचं दार पुन्हा ठोठावलं.